केंदाळाला खत कोण घालतंय?

पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर केंदाळ (जलपर्णी) साचलं, मासे तरंगले की आमच्या शिरोळ तालुक्यातले सगळे ग्रुप पेटतात. शहरांचं सांडपाणी, कारखान्यांची मळी! तो राग खरा आहे, माझाही आहे. पण परवा ओढ्यात उतरलो आणि तेव्हापासून फॉरवर्ड करताना हात अडखळतोय.

आमचं रान क्षारपड. तीन वर्षांपूर्वी सच्छिद्र पाइप टाकून निचरा करून घेतला, त्याचं तोंड ओढ्यात काढलंय. निचऱ्यानं रान सुधारलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण वरच्या अंगाला ओढा नुसता गढूळ, आणि पाइपाच्या तोंडापासून खाली दगडांवर हिरवंगार शेवाळ. बोटाला केसासारखं गुंडाळलं जातंय. ओढ्यात खत कुणी टाकलं नव्हतं. मी टाकलं होतं, उसाच्या बुडात.

युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन. मातीत त्याचं आधी अमोनियम होतं, ते आपली काळी माती धरून ठेवते. मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेटला मातीचा कण धरत नाही. पाणी जाईल तिकडं ते जातं, आणि तिथल्या शेवाळाला, केंदाळाला तेच खत. स्फुरद (फॉस्फरस) मातीला चिकटून बसतं, पण सरीतला गाळ वाहिला की तेही गाळाबरोबर ओढ्याला.

आडसाली उसाला शिफारसच हेक्टरी 400 किलो नत्राची. सगळं युरियातून धरलं तर एकरी 45 किलोची जवळजवळ आठ पोती. त्यात शेजाऱ्याचा ऊस काळाभोर दिसला की आपण एक पोतं वाढवतो. पोतं पावणेतीनशेच्या आत मिळतंय, मग हात आखडतो कशाला? वर लाईट रात्रीची. मोटर चालू करून घरी येऊन झोपायचं, सकाळी जाऊन बघावं तर पाणी सरी संपवून ओढ्याला लागलेलं. खत टाकल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा हेच. खोटं कशाला बोलू, मीही केलंय.

विहिरीचं पाणी तपासून घेतलं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आमचं त्याच्या वर. आई म्हणाली, "उकळून पिऊ की." उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट दाट होतं. भावाचं बाळ चार महिन्यांचं, बाटलीवर. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात नायट्रेटमुळं प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, अंग निळं पडतं. त्याच्यापुरतं आता आरओचं पाणी आणतोय.

खत बंद करा असं मी म्हणत नाही, माझंही घर उसावरच चालतं. पण मोठ्या भरणीला, म्हणजे उसाला माती चढवताना, सगळं एकदम ओतून वर पाट सोडण्यापेक्षा ठिबकमधून थोडं थोडं दिलं तर तेच खत उसाला लागतं. ठिबक नसेल तर निदान वाफशावर, रान ना चिखल ना कोरडं असताना, मातीआड करा आणि पाणी बेतानं द्या. यंदा अर्ध्या रानात ठिबक केलंय, उरलेल्याला पैसे नाहीत.

पाण्याच्या पुढच्या पाळीला पाइपाच्या तोंडाशी बाटली भरून तपासायला देणार आहे. रिपोर्ट इथंच टाकतो, मग शिव्या घाला.