मॅनेजरच्या लक्षात नक्की कोण राहतं?

अप्रेझल जवळ आलं की टीममधले तरुण सहकारी एक प्रश्न हमखास विचारतात, कधी सरळ, कधी आडून: "नजरेत भरायचं तर काय करायला हवं?" बहुतेकांनी उत्तर मनात आधीच ठरवलेलं असतं. उशिरापर्यंत थांबायचं, मीटिंगमध्ये बोलत राहायचं, रात्री अकराला मेल टाकायची, वरच्या साहेबांसमोर पुढे पुढे करायचं. मी बरीच वर्षं टीम सांभाळते आहे आणि माझं उत्तर वेगळं आहे. माणूस वाईट बातमी कधी आणि कशी सांगतो, यावरून तो लक्षात राहतो. चांगल्या अर्थानेही आणि वाईट अर्थानेही.

का ते सांगते. मॅनेजर दिवसभर दुसऱ्यांच्या कामाच्या भरवशावर शब्द देत असतो. क्लायंटला, वरिष्ठांना, शेजारच्या टीमला. काम कुठे अडलंय हे वेळेत कळलं तर त्याला हातपाय हलवता येतात. तारीख वाढवून घेता येते, मदतीला कुणी देता येतं, कामाचा एखादा भाग मागे ठेवता येतो. ऐनवेळी कळलं तर माफी मागण्यापलीकडे त्याच्या हातात काही उरत नाही.

एक उदाहरण देते. शुक्रवारी क्लायंटला एक मोठा रिपोर्ट जायचा होता. मंगळवारी सकाळीच टीममधल्या एका मुलीचा मेसेज आला. "मॅडम, शुक्रवारची तारीख धोक्यात आहे. दोन विभागांचे आकडे जुळत नाहीयेत, फरक शोधायला वेळ लागेल. बाकीच्या विभागांचा रिपोर्ट शुक्रवारी देऊन हे दोन सोमवारी देता येतील, किंवा सगळंच सोमवारी. मला पहिलं बरं वाटतं, कारण त्यांची मीटिंग बाकीच्या आकड्यांवरच आहे. तुम्ही सांगाल तसं." बस, एवढंच. काय बिघडलंय, का बिघडलंय, पुढे काय करता येईल आणि तिचं स्वतःचं मत काय, सगळं त्यात आलं. मी एक फोन केला, समोरचे लगेच तयार झाले. काम ठरल्या वेळेत पूर्ण झालं नाही, तरी तिच्यावरचा माझा विश्वास वाढला. पुढचं अवघड काम कुणाला द्यायचं, याचा मला विचारच करावा लागला नाही.

त्याच टीममध्ये तिच्याइतकाच हुशार, कदाचित थोडा जास्तच हुशार, एक जण होता. कधीही विचारा, "चालू आहे, होऊन जाईल." मग शेवटच्या दिवशी दुपारी कळायचं की समोरून डेटाच आलेला नाही. डेटा कधी मागितला? मागच्या आठवड्यात, एका मेलमध्ये. त्यानंतर ना आठवण, ना फोन. त्याचं काम व्हायचं तेव्हा उत्तम व्हायचं, हे मी आजही मान्य करते. पण ज्याच्या मागे सतत लागावं लागतं, त्याच्यावर मोठी जबाबदारी टाकून आपण निर्धास्त राहू शकत नाही. बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा तो दुखावला. त्याच्या मते त्याचं काम सरस होतं, आणि नुसत्या कामाकडे पाहिलं तर ते खरंही होतं.

पण इथे मॅनेजर मंडळींनाही मला स्पष्ट सांगायचंय. वाईट बातमी दाबणारी माणसं जन्मतः तशी नसतात. पूर्वी कधीतरी खरं सांगितलं आणि चारचौघांत पाणउतारा झाला, की माणूस आपोआप शिकतो: शेवटपर्यंत गप्प राहायचं. एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांमधल्या टीम्सचा अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या टीमकडून चुका कमी होत असतील असं गृहीत होतं. आकडे मात्र उलटे निघाले. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे लोक चुका मोकळेपणाने सांगत होते. टोयोटाच्या कारखान्यात तर कामगाराला गडबड दिसली की त्याने दोरी ओढून इशारा द्यायचा असतो. टीम लीडर धावत येतो आणि अडचण वेळेत सुटली नाही तर लाईन थांबते. दोरी ओढणं हा तिथे कामाचाच भाग आहे. ज्या साहेबाला अडचण सांगायला गेलं की आधी "हे झालंच कसं?" ऐकावं लागतं, त्याच्या टीममध्ये दोरी कोण ओढेल?

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सहकाऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणारा लगेच ओळखू येतो, कारण दुसरा प्रश्न विचारला की तो अडखळतो. चूक एकदा झाली तर कुणी लक्षात ठेवत नाही, तीच चूक तशीच पुन्हा झाली की ठेवतात. आणि रजेवर जाताना नीट हँडओव्हर देणारा माणूस मला फार आवडतो. कुठली फाईल कुठे आहे, कुणाचं उत्तर यायचंय, कुठे काय अडू शकतं, हे ज्याने लिहून ठेवलंय त्याने आपल्या मागे राहणाऱ्यांचा विचार केलेला असतो.

आता मला सर्वात जास्त खुपणारी गोष्ट. आग विझवणारा सगळ्यांना दिसतो, आग लागूच न देणारा कुणाला दिसत नाही. रात्रभर जागून बंद पडलेली सिस्टीम सुरू करणाऱ्याचं ऑफिसभर कौतुक होतं. जिची सिस्टीम वर्षभरात बंदच पडली नाही, तिच्या अप्रेझलमध्ये "समाधानकारक" असा शेरा येतो. मीटिंगचे मुद्दे लिहून काढणं, नवीन माणसाला काम शिकवणं, कुणाच्या नजरेत न येणारी ही कामं पुन्हा त्याच माणसांकडे जातात आणि त्यात बायका जास्त असतात. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी संशोधिकांनी २०१७ मध्ये प्रयोग करून दाखवलं की बढतीला उपयोगी नसलेली कामं बायकांना जास्त सांगितली जातात आणि त्या "हो"ही जास्त वेळा म्हणतात. हा सरळसरळ अन्याय आहे, आणि तो थांबवणं मॅनेजरच्याच हातात आहे.

आपली नजर मुळातच फसवी असते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच लष्करी अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांवरून दाखवलं होतं की एखादा सैनिक एका गुणात चांगला वाटला की अधिकारी त्याला बाकीच्या गुणांतही वर चढवतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तर रेटिंगमधला अर्ध्याहून जास्त फरक हा रेटिंग देणाऱ्याच्या स्वतःच्या मोजपट्टीमुळे आढळला. म्हणजे माझ्या शेऱ्यात समोरच्याइतकीच, किंबहुना जास्त, मी स्वतः असते. म्हणून मी वर्षभर प्रत्येकाच्या नावाने तारखेसह नोंदी ठेवते. नाहीतर अप्रेझलला बसल्यावर शेवटचा दीड महिनाच आठवतो, आणि जो नुकताच चमकला तोच वर्षभर चमकला असं वाटायला लागतं.

गप्प राहून काम करणाऱ्यांना मी एवढंच सांगते की महिनाअखेरीला मॅनेजरला चार ओळींची मेल टाका. काय पूर्ण झालं, काय अडलंय, काय बिघडण्याआधी सावरलं, आणि कुणाची मदत झाली. याला मिरवणं म्हणत नाहीत. आणि मॅनेजर असाल तर उद्या टीममधल्या सगळ्यात शांत माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा, "गेल्या महिन्यात असं काय केलंस, जे माझ्यापर्यंत आलंच नाही?" उत्तर मिळालं की त्याच्यासमोरच लिहून घ्या.