फुटीर म्हणून हिणवण्याआधी

युनियन फुटली की आपल्याकडे शेरा ठरलेला: पुढाऱ्यांची भांडणं आणि मालकाचं फावलं. कित्येकदा ते खरंही असतं. पण मुंबईच्या गिरण्यांतली १९२८ची फूट त्यात बसत नाही.

भांडण साच्यांचं, म्हणजे कापड विणायच्या मागांचं होतं. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन सांभाळायचे, असा मालकांचा घाट. सहा साच्यांना तीन माणसं लागायची, तिथे दोघांत भागणार. तिसऱ्याने सकाळी गेटवर बदलीसाठी, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम मिळावं म्हणून ताटकळायचं, तेही जॉबरची, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमाची मर्जी असेल तर. एप्रिलमध्ये गिरण्या बंद पडल्या, सुमारे दीड लाख कामगार बाहेर. संपाच्या प्रश्नावर गिरणी कामगार महामंडळ या तेव्हाच्या युनियनमध्ये उभी फूट पडली. अर्जुन आळवे, कासले हे स्वतः गिरणीत राबलेले लोक डांगे, मिरजकर, जोगळेकर या कम्युनिस्टांबरोबर गेले आणि मे महिन्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. लोकांच्या तोंडी तिचं नाव लाल बावटा.

आता गंमत बघा. हीच 'फुटीर' युनियन ना. म. जोशींच्या मवाळ युनियनबरोबर संयुक्त संप समितीत बसली. मागण्या सतरा, समिती एक. संप ऑक्टोबरपर्यंत टिकला आणि डिसेंबरपर्यंत लाल बावट्याची सभासदसंख्या ५० हजारांच्या वर गेली. एवढी माणसं पुढाऱ्यांच्या रुसव्याफुगव्यापायी वर्गणी भरत नाहीत.

पुढे मार्च १९२९मध्ये मीरत खटल्यात, म्हणजे इंग्रज सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या कटाच्या खटल्यात, पुढारी आत गेले. त्याच वर्षीचा दुसरा संप फसला आणि युनियन खिळखिळी झाली. संपाची घाई झाली, हे मलाही मान्य आहे.

पण माझा राग आहे तो १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यावर. एका भागात, एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि करार करायचा तो तिनेच. कागदावर हे एकजुटीसाठी! मुंबईच्या गिरण्यांत तो मान काँग्रेसच्या बाजूच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि तिथेच राहिला. नाराज कामगाराने संघ सोडून जायचं कुठे? दुसरी युनियन काढायला मनाई नव्हती, पण तिच्याशी बोलायला मालक बांधील नव्हता.

म्हणून १९८२च्या गिरणी संपात कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करा, हेही होतं. शहरी मंडळींना ती मागणी तेव्हा आडमुठेपणाची वाटली, काहींना अजून वाटते. सुमारे अडीच लाख कामगार सामंतांच्या मागे उभे होते, आणि करारावर सही चालणार होती ती फक्त संघाची.