‘अंतराळाचा प्रकल्प नेटवरून करू देऊ नका’ म्हणणाऱ्यांना

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आमच्या परभणीकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज हमखास फिरतो. त्याचं सार असं : चंद्रावर माणूस गेल्याचं नाटक स्टुडिओत झालं, म्हणून अंतराळाबद्दल नेटवर आहे ते सगळं बनावट, नेटवरची माहिती रोज बदलते, छापलेली पक्की, शिवाय सगळं इंग्रजीत, खेड्यातल्या लेकरांना काय कळणार? तेव्हा दुकानातून तयार चार्ट आणा आणि मोकळे व्हा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी मेसेज वाचून गप्प बसतो, यंदा उत्तर लिहूनच टाकतो.

चंद्राचं आधी. मेसेजमधले पुरावे दोन. हवा नसताना झेंडा हलतो, आणि काळ्या आकाशात एकही तारा नाही. झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातलेली होती, नसता तो ओल्या धोतरासारखा लोंबला असता. काठी रोवताना हिसके बसले की कापड हलणारच, आणि अडवायला हवा नाही म्हणून जरा जास्तच वेळ हलणार. ताऱ्यांचं तर गावातच करून बघा. रात्रीच्या वरातीत लख्ख लाइटखाली उभ्या नवरदेवाचा फोटो काढा आणि त्यात एक तारा दाखवा. चंद्रावर तर कडक ऊन होतं, कॅमेरे त्या उन्हाच्या हिशेबानेच लावलेले.

मला स्वतःला पटणारा पुरावा मात्र वेगळा आहे. जुलै 1969 मध्ये अमेरिकेचं अपोलो 11 माणसं घेऊन चंद्रावर उतरलं, तेव्हा सोव्हिएत संघाचं लुना 15 हे बिनमाणसाचं यान त्याच चंद्राभोवती घिरट्या घालत होतं. शीतयुद्ध ऐन भरात. अमेरिकेचं नाटक असतं तर मॉस्कोने जगभर दवंडी पिटली नसती? पुढे 1972 पर्यंत सहा मोहिमांतून 12 माणसं तिथं चालली आणि सुमारे 382 किलो दगडमाती घेऊन आली. त्यांनी ठेवलेल्या परावर्तकांवर, म्हणजे उजेड आला तसा माघारी पाठवणाऱ्या आरशांवर, पृथ्वीवरून लेझर मारला की अडीच सेकंदांत उजेड परत येतो, आजही. आणि नासावर भरवसा नसेल तर इस्रोवर ठेवा : चांद्रयान-2 च्या कॅमेऱ्याने अपोलो 11 उतरलं त्या जागेचा फोटो घेतलेला आहे.

‘माहिती बदलते’ हे मात्र अर्धं खरं आहे. गगनयानाची घोषणा 15 ऑगस्ट 2018 ला झाली, तेव्हा 2022 पर्यंत भारतीय माणूस आपल्याच यानातून पाठवायचं ठरलं होतं. ते वेळापत्रक पुढे सरकलं, पण जुन्या बातम्या नेटवर तशाच पडून आहेत. आठवीतल्या एका पोराने त्यातली एक वाचून ‘2022 साली भारताने माणूस पाठवला’ असं ठोकून दिलं. चूक नेटची नव्हती, बातमीची तारीख न बघण्याची होती. आणि छापलेलं तरी पक्कं कुठं असतं? मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 चा. भारताचे पहिले अंतराळवीर राकेश शर्मा सोयूझ टी-11 या सोव्हिएत यानातून गेले 3 एप्रिल 1984 ला. त्या खंडात ते सापडणार कसे? तयार चार्टवर तर साल-तारीख काहीच नसतं. मी मुद्दाम एक विकत आणला, त्यात राकेश शर्मा चंद्रावर उभे! ते पृथ्वीभोवती फिरणाऱ्या सॅल्यूट 7 या स्थानकात गेले, अंतराळात एकूण जवळपास आठ दिवस होते; चंद्राच्या जवळपासही गेले नाहीत.

तारखांवरून एक कबुली द्यायला हवी. सातवीतल्या एका पोरीने ‘आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवलं, 21 जुलै 1969’ असं लिहिलं आणि मी अर्धा गुण कापला. पाठ्यपुस्तकी उत्तर 20 जुलै ना! पोरगी दुसऱ्या दिवशी वहीत गणित मांडून आली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा 20 तारखेचे रात्रीचे 10 वाजून 56 मिनिटं झाली होती, म्हणजे आपल्याकडे 21 च्या सकाळचे 8 वाजून 26 मिनिटं. अंतराळवीर सुनीता विल्यम्स यांच्या परतीचंही तसंच. त्यांचं यान तिकडच्या 18 मार्च 2025 च्या संध्याकाळी समुद्रात उतरलं, इकडे 19 च्या पहाटेचे साडेतीन होत आले होते. एका ठिकाणी 18, दुसऱ्या ठिकाणी 19 दिसलं की मेसेजवाले म्हणणार, ‘बघा, नेटवर काहीच्या काही लिहायलेत.’ पोरगी म्हणाली, ‘सर, घड्याळ कुठलं ते लिहिलं तर दोन्ही बरोबर.’ अर्धा गुण परत दिला.

इंग्रजीचं फार ताणत नाही. विश्वकोश मराठीतच आहे आणि नेटवर फुकट आहे, त्याच्या नव्या नोंदीही येतात. बाकी पानांचं भाषांतर मोबाइल करून देतो. वेडंवाकडं करतो, हे खरं. ‘स्पेसवॉक’चं, म्हणजे यानाबाहेर पडून तरंगत काम करण्याचं, ‘अंतराळात चालणे’ आल्यावर एकाने विचारलं होतं, ‘सर, पाय कशावर ठेवतेत?’ त्या प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला. माझ्या मते वर्षातला सगळ्यात चांगला तास.

राहता राहिला ग्रुप. ‘नेटवर विश्वास नको’ म्हणणारी हीच मंडळी दर दिवाळीला ‘अंतराळातून दिसणारा दिवाळीचा भारत’ म्हणून लाल-निळा-हिरवा फोटो टाकतात. तो फोटो एका रात्रीचा नाहीच. वेगवेगळ्या वर्षांतल्या उपग्रहांच्या नोंदी एकत्र करून तो बनवलाय आणि कुठले दिवे कधी वाढले ते रंगांनी दाखवलंय : निळे 1992 चे, हिरवे 1998 चे, लाल 2003 चे. खरोखरच्या दिवाळीतला, 2012 चा उपग्रह-फोटो नासाने दिला होता. त्यात भारत रोजच्यासारखाच दिसतो, कारण पणत्यांचा जादा उजेड तेवढ्या उंचीवरून कळतच नाही. त्या अर्ध्या गुणवाल्या पोरीने हे सगळं चार ओळींत लिहून आईच्या मोबाइलमध्ये जपून ठेवलंय. ग्रुपवर यंदाचा फोटो पडायची वाट बघायलीय.