अँटिसिपेट म्हणजे भारदस्त एक्स्पेक्ट नव्हे

ऑफिसच्या मेलमध्ये ‘एक्स्पेक्ट’ फार साधं वाटतं म्हणून सरसकट ‘अँटिसिपेट’ लिहिलं जातं. शब्दकोश आज दोन्ही अर्थ देतात, त्यामुळे कुणी चूक काढणार नाही. तरीही हा फरक जपायला हवा असं माझं ठाम मत आहे, कारण तो पुसला तर एक नेमका शब्द हातचा जाईल.

एक्स्पेक्टमध्ये घडेल असं वाटणं आहे, एवढंच. अँटिसिपेट लॅटिनमधून आला: ‘आन्ते’ म्हणजे आधी, ‘कापेरे’ म्हणजे घेणं, पकडणं. म्हणून त्यात नुसता अंदाज नसतो, आधीच उचललेलं पाऊल असतं. ‘द फार्मर्स एक्स्पेक्टेड रेन’ म्हणजे पाऊस येईल असं शेतकऱ्यांना वाटत होतं. ‘द फार्मर्स अँटिसिपेटेड द रेन’ म्हटलं की काढलेलं सोयाबीन त्यांनी आधीच झाकून ठेवलं होतं. शंका आली तर स्वतःला विचारा, ‘मग आधी काय केलं?’ उत्तर नसेल तर एक्स्पेक्टच लिहा.

कायद्यातला ‘अँटिसिपेटरी बेल’ बघा. अटक होईल अशी नुसती धास्ती असून भागत नाही. अटकेआधी न्यायालयात जाऊन आदेश मिळवावा लागतो. मराठीत आपण त्याला अटकपूर्व जामीन म्हणतो, आणि त्यातला ‘पूर्व’ अगदी चपखल आहे. गंमत म्हणजे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३८ मध्ये ‘अँटिसिपेटरी बेल’ हे शब्द नव्हतेच. तिथे अटकेची भीती असलेल्या व्यक्तीबद्दल लिहिलं होतं. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ मध्ये आहे.

खऱ्या चुका होतात त्या वाक्यरचनेत. ‘वी एक्स्पेक्ट टू फिनिश’ बरोबर, पण ‘वी अँटिसिपेट टू फिनिश’ चूक. तिथे ‘अँटिसिपेट फिनिशिंग’ हवं. उलट ‘एक्स्पेक्ट फिनिशिंग’ चालत नाही. ‘आय एक्स्पेक्ट यू टू कम’ चालतं म्हणून ‘आय होप यू टू कम’ लिहितात, तेही चुकीचं. होपनंतर सरळ ‘यू विल कम’ किंवा ‘यू कॅन कम’ लिहा.

सूरही सांभाळावा लागतो. ‘उत्तर अपेक्षित आहे’ मराठी कार्यालयीन पत्रात रोजचं आहे, पण ‘आय एक्स्पेक्ट युअर रिप्लाय बाय मंडे’ वाचणाऱ्याला हुकूम वाटतो. हाताखालच्या माणसाला चालेल, ग्राहकाला नाही. अर्जाखालचं ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ अर्थाने अचूक आहे, कारण काम होण्याआधीच आभार मानलेत. पण त्यात होकार गृहीत धरला जातो, म्हणून समोरच्याला नकाराची मोकळीक असेल तिथे ते टाळा. त्याऐवजी ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ लिहा. आणि हो, इथे ‘हिअरिंग’च, ‘टू’ पाहून ‘हिअर’ लिहू नका.