नातू म्हणजे ‘कोणालाही’ का रे?

रात्री पावणेअकराला पांघरुणातून ‘कव्हर दे, कव्हर दे’ ऐकू आलं आणि माझ्या तीन संध्याकाळींच्या मेहनतीवर पाणी पडलं. मुलांच्या फोन-टॅबवर लगाम ठेवणाऱ्या गुगलच्या ‘फॅमिली लिंक’ अ‍ॅपवर तासाभराची मर्यादा घातली होती, पण ती चिरंजीवांच्या टॅबला. हातात होता आजीचा फोन. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमनं पालकाची संमती मागितली आणि ओटीपी आला तिथेच.

“आई, तू वाचून दाखवलास?”

“दाखवला. चष्मा लावून. दोनदा.”

“लिहिलं होतं ना, कोणालाही सांगू नका!”

“नातू म्हणजे ‘कोणालाही’ का रे?”

“पालकांची परवानगी हवी होती.”

“मग? मी तर पालकाचीही पालक. आणि बँकेचा असता तर मरेपर्यंत सांगितला नसता हो.”

अशा आजीपुढे सरकारं तरी काय करणार? चीननं २०२१ मध्ये अठराखालच्यांना शुक्रवार ते रविवार आणि सुट्ट्यांना रात्री ८ ते ९ एवढंच खेळायचं फर्मान काढलं. तिथेही आजी-आजोबांच्या नावाची खाती कामी येतात. दक्षिण कोरियात २०११ पासून सोळाखालच्यांना मध्यरात्री ते सकाळी ६ बंदी होती. पोरांनी आईबापांचे ओळख क्रमांक घातले आणि दहा वर्षांनी सरकारनंच नाद सोडला. आपल्याकडे २०२३ मध्ये बंदीनंतर बीजीएमआय परतला, तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला ३ तास ठरले. चिनी पोराचा आठवडा आपला पोरगा एका दिवसात उरकतो. आणि याला म्हणे मर्यादा!

राउटरवर फोनचा मॅक पत्ता, म्हणजे वायफायवरची त्याची ओळख, ब्लॉक केला, तर अँड्रॉइड १० पासूनचे फोन सहसा वायफायला आपणहून खरा पत्ता देतच नाहीत. सेटिंगमधला ‘रँडमाइज्ड मॅक’चा पर्याय फिरवला की गडी नव्या पत्त्यानं आत. म्हणून उलटं करायचं: घरातल्या फोनांवर तो पर्याय बंद आणि राउटरवर फक्त ओळखीच्या पत्त्यांची यादी. तेवढं जमलं, की आजीचा हॉटस्पॉट.

शिवाय घड्याळाशी गेमचं जमतच नाही. मॅच चालते २५-३० मिनिटं. तास भरला की टॅब नेमका लास्ट झोनमध्ये, म्हणजे शेवटच्या चकमकीत, काळा पडतो, तीन साथीदार उघड्यावर आणि घरात कुरुक्षेत्र. मिनिटं सोडा, मॅच मोजा: शाळेच्या दिवशी दोन, त्या संपल्या की नवी सुरू करायची नाही. हे कुठल्या मंत्रालयाला दिल्लीतून मोजता येणार आहे?

आजीच्या फोनला काल पिन घातला. आज सकाळी तिला तो आठवेना. चिरंजीवांनी सांगितला.