मेकर कोण?

माझ्या गाडीला नंबर मिळाला नाही, याचं मला तेवढं वाईट वाटत नाही. एका रेडकाला मिळालाय आणि तोही घरपोच, हे मात्र परवापासून जिव्हारी लागलंय.

गाडी मी स्वतः बनवलेली. आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. लॉकडाऊनमध्ये कामं बंद पडली आणि हात शिवशिवायला लागले. भंगारातून मारुती ८०० चं इंजिन आणलं, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. बॉक्स पाइप कापून, वेल्डिंग मारून चासी केली, ओम्नीचं स्टिअरिंग बसवलं, पत्रा घरीच ठोकला. दोन माणसं आणि एक भाजीची पिशवी एवढी जागा. "एवढ्या पैशात सेकंडहँड अल्टो आली असती," असं सौ. म्हणाली. हिशेब तिचा बरोबर असल्यामुळे आम्ही त्या विषयावर बोलत नाही.

गल्लीतला प्रत्येक जण एकच विचारतो, "महिंद्रांना दाखवली का?" डिसेंबर २०२१ मध्ये देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी घरी बनवलेल्या जीपचा व्हिडिओ गाजला. किक मारून चालू होणारी जीप! आनंद महिंद्रांनी ती ठेवून घेतली आणि बदल्यात बोलेरो दिली. झकास झालं. सांगली जिल्ह्यातलं हे देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, तेव्हा तिथल्या मातीला मोठ्या गोष्टींची सवय असेल. पण लोकांच्या लक्षात फक्त बोलेरो राहिली. त्याच वेळी महिंद्रांनी हेही लिहिलं होतं की ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती अडवणारच. हे वाक्य गल्लीत कुणीही फॉरवर्ड केलेलं नाही. मला बोलेरो नको होती. मला दोन अक्षरं आणि पुढे काही आकडे हवे होते.

बिननोंदणीची गाडी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून ती टेम्पोत घालून आरटीओत न्यायची. गेटवर वॉचमनने वही पुढे केली. "गाडी नंबर?"

"तोच घ्यायला आलोय."

"नंबर लिहिल्याशिवाय आत सोडता येत नाही."

शेवटी टेम्पोचा नंबर लिहिला आणि कामाच्या रकान्यात वॉचमनने स्वतःच्या अकलेने 'भंगार' असं टाकलं. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आत खिडकीवर चुणचुणीत पोरगा. फॉर्म २०, म्हणजे नोंदणीचा अर्ज, मी भरून नेला होता. तो म्हणाला, "काका, फॉर्म २१?" म्हणजे विक्रीचा दाखला. मी म्हणालो, विकत घेतलीच नाही, बनवली. तो म्हणाला, "बरं, मग फॉर्म २२?" म्हणजे उत्पादकाने द्यायचा दाखला, की गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे, धूर आणि सुरक्षेच्या नियमांत बसते. मी म्हणालो, मीच देतो की सही करून. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'मेकर' असा रकाना, त्याखाली जगातल्या सगळ्या कंपन्यांची यादी. "यातला कुठला तुम्ही?" विमावाल्यानेही हेच विचारलं होतं. तो म्हणाला होता, आधी नोंदणी आणा. हा म्हणाला, आधी विमा.

इथे माझ्या मागून आवाज आला, "आरं, त्येनंच केलीया म्हणतोय न्हवं?"

रांगेत मागे एक आजोबा होते. पांढरी टोपी, धोतर, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत कागद. ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं होतं आणि आरसीवरून बँकेचा बोजा उतरवायला ते फॉर्म ३५ घेऊन आले होते. त्यांचं काम साधं होतं. ते सोडून त्यांनी माझं हातात घेतलं. आधी मला हाताला धरून बाहेर टेम्पोपाशी नेलं. गाडीभोवती एक फेरी मारली, टायर दाबला, बॉनेटवर थाप मारली, वाकून खालून पाहिलं. दात तपासायला गाडीला तोंड नव्हतं, एवढंच.

"किती देती?"

"अठरा-वीस."

"दूध न्हवं, ऍव्हरेज इचारलं."

"ऍव्हरेजच सांगितलं."

"मग बरी हाय. मागं येतीया का?"

"येते की. रिव्हर्स आहे."

"आमचा थोरला रिव्हर्स असून बी येत न्हाई," असं म्हणून ते पुन्हा खिडकीकडे निघाले. मी मागे. रांगेतल्या लोकांनी आम्हाला वाट करून दिली, कारण एव्हाना सगळ्यांनाच पुढे काय होतंय ते बघायचं होतं.

"सायेब," आजोबा त्या पोराला म्हणाले, "गेल्या म्हैन्यात आमची म्हस व्याली. रेडकू झालं. डाक्टर घरला आला, कानात पिवळा बिल्ला मारला, बारा आकडी. मोबाइलात काय त्ये भरलं आनि गेला. रेडकू कुणाकडनं घेतलं, त्येचा दाखला कुठाय, असं इचारलं न्हाई."

"आजोबा, ते जनावर आहे."

"त्येला बी चार पाय, हिला बी चार चाकं. आनि रेडकू बनवताना मी तर हात बी लावला न्हाई. ह्येनं रात्रीचा दिवस केलाय."

पोरगा हसला. सगळी रांग हसली. मीही हसलो, आणि हसता हसताच लक्षात आलं की माझ्या बाजूने आतापर्यंत मांडलेला सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे.

"मेकरमध्ये काय भरायचं मग?" पोराने विचारलं.

"म्हशीचं नाव भर," आजोबा म्हणाले. "आमच्यात तसंच भरलंय."

हसण्याचा आवाज ऐकून आतले साहेब बाहेर आले. भला माणूस. गाडी पाहिली, वेल्डिंगवरून बोट फिरवलं, "सुंदर काम आहे हो," म्हणाले आणि मोबाइल काढून तिच्यासोबत सेल्फी घेतला. मग समजावून सांगितलं. मोटार वाहन नियमांतला नियम १२६. गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयकडे किंवा नगरच्या व्हीआरडीईसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडे द्यायचा. धूर, ब्रेक, लाइट, एअरबॅग सगळं तपासून घ्यायचं. शिवाय धडक चाचणी. ताशी ५६ किलोमीटर वेगाने गाडीचा ४० टक्के दर्शनी भाग समोरच्या अडथळ्यावर आदळायचा. त्यात पास झाली तर पुढचं बघू.

"साहेब, माझी एकच गाडी आहे."

"हो ना."

"ती आदळल्यावर नोंदणी कशाची करायची?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. "दुसरी बनवा."

हे ते चेष्टेत म्हणाले नाहीत. नियमात खरोखरच असं गृहीत धरलंय की गाडी बनवणारा हजारो बनवणार, चार आदळल्या तर त्याचं काय जातंय! माझा सुरक्षेला विरोध नाही. उद्या कुणीही उठून चार पाइप जोडून हायवेला लागला तर मला स्वतःलाच भीती वाटेल. तपासा ना! ब्रेक तपासा, वेल्डिंग ठोकून बघा, फी घ्या, नापास करा. इंग्लंडात घरी बनवलेली एकेक गाडी तपासून नंबर देण्याची सोय आहे. निरीक्षक तासन् तास ती बघतो, एखादी कड टोकदार असेल तरी परत पाठवतो. इथे नापास व्हायलासुद्धा खिडकी नाही. आणि त्याच संध्याकाळी, टेललाइट नसलेल्या, उसाने ओसंडणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या त्याच आरटीओच्या दारावरून डुलत जातात. त्यांना कोण ५६च्या वेगाने भिंतीवर घालतंय?

जाताना साहेब म्हणाले, "रस्त्यावर मात्र आणू नका हं. आणलीत तर मलाच जप्त करावी लागेल." सेल्फी पाठवा म्हटलं, तर म्हणाले, "ते ऑफिशियल नको व्हायला." आजोबांचा बोजा तेवढ्यात उतरला नव्हताच, बँकेच्या पत्रावर शिक्का पुसट उठलाय म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. ते मला काही बोलले नाहीत, त्या पोराला मात्र जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

आवारातून टेम्पो काढताना एका इन्स्पेक्टरने हात केला. टेम्पोची पीयूसी संपलेली निघाली. आरटीओच्या आवारात, माझ्या डोळ्यांदेखत, मशीनमधून चलनाचा कागद फडफडत बाहेर आला. सकाळपासून त्या ऑफिसात आमच्यापैकी कुणाला मिळालेला तो एकमेव अधिकृत कागद. टेम्पोवाल्याचं म्हणणं, तुमच्यामुळेच इथे आलो, अर्धा दंड तुम्ही भरा. मी म्हणालो, पीयूसी तुझी, मेकर तुझा, नंबरही तुझा. माझ्या नावावर तर आज गेटच्या वहीत फक्त भंगार आहे, आणि भंगाराला दंड नसतो. तो अजून फोन करतोय. मी उचलत नाही.