ॲलन रिकमन बेचाळिशीत उगवला म्हणे!

दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर ही पोस्ट येऊन आदळतेच: ‘ॲलन रिकमनला वयाच्या 42व्या वर्षापर्यंत कुणी ओळखत नव्हतं. तो साधा ग्राफिक डिझायनर होता. मग डाय हार्ड मिळाला आणि नशीब फळफळलं. उशीर कधीच होत नसतो!’ खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

यातला आकडा तेवढा बरोबर आहे. या ब्रिटिश नटाचा जन्म 21 फेब्रुवारी 1946चा, पहिला चित्रपट ‘डाय हार्ड’ हा हॉलिवूडचा ॲक्शनपट 1988चा. बाकीचं एकेक बघू.

‘ग्राफिक डिझायनर होता.’ होता ना. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकला, मित्रांसोबत स्टुडिओही काढला. पण तो सोडला तेव्हा वय होतं 26. राडा या नाट्यशाळेला स्वतः पत्र लिहून त्याने ऑडिशन मागून घेतली आणि 1972 मध्ये प्रवेश मिळवला. शिकताना चार पैसे मिळावेत म्हणून नायजेल हॉथॉर्न आणि राल्फ रिचर्डसन यांचा ड्रेसर म्हणून काम केलं. म्हणजे दुसऱ्या नटांचे कपडे सांभाळायचे, त्यांना वेळेवर तयार करून रंगमंचावर पाठवायचं. 1972 ते 1988 ही सोळा वर्षं पोस्टवाल्याने कुठल्या खात्यात टाकली, कोण जाणे.

‘कुणी ओळखत नव्हतं.’ कुणी म्हणजे कुणी? राडानंतर गावोगावच्या नाटक कंपन्या, मग रॉयल शेक्सपिअर कंपनी. 1982 मध्ये बीबीसीच्या ‘द बार्चेस्टर क्रॉनिकल्स’ या मालिकेतला तेलकट, लाळघोट्या पाद्री स्लोप त्याने असा काही रंगवला की ब्रिटनमध्ये घरोघरी तो चेहरा ठाऊक झाला. 1985 मध्ये ‘ले लियाझाँ दांजरूझ’ या नाटकात व्हाल्माँची भूमिका. तेच नाटक 1987 मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नामांकित नाट्यगृहांच्या भागात, गेलं आणि रिकमनला टोनी या नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं. हॉलिवूडला माहीत नव्हता, एवढंच काय ते म्हणता येईल.

‘नशीब फळफळलं.’ इथे मात्र मला खरंच राग येतो. ‘डाय हार्ड’च्या मंडळींनी त्याला हेरलं तेच मुळी ब्रॉडवेवरच्या व्हाल्माँमुळे. आणि पठ्ठ्याने संधीवर झडपही घातली नाही. पटकथा वाचून ‘ॲक्शनपट? मी नाही करणार’ असाच त्याचा पहिला सूर होता. होकार दिल्यावरही गप्प बसला नाही. त्याच्या वाट्याला आलेल्या खलनायकाने, हान्स ग्रुबरने, अतिरेक्याच्या ठरावीक वेशाऐवजी सूट घातला तर तो ओलीस धरलेल्यांपैकीच एक असल्याचं सोंग घेऊ शकेल, अशी चिठ्ठी त्याने निर्मात्यासाठी ठेवली. आधी ‘सांगू ते घालायचं’ असं उत्तर आलं, नंतर नवी पटकथा आली. ग्रुबर अमेरिकन उच्चारात बोलून ब्रूस विलिसच्या पात्राला गंडवू पाहतो, तो प्रसंग तिथूनच निघाला. वेशभूषा बदलली की पात्र बदलतं, हे कला महाविद्यालयात शिकलेल्या आणि ड्रेसरचं काम केलेल्या माणसाला सुचलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

पोस्टच्या लांबलचक आवृत्तीत ‘मग तो जन्मभर खलनायकच राहिला’ अशीही ओळ असते. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मधला (1995) कर्नल ब्रँडन पाहा, मुकाट्याने वाट बघणारा. आवाजाचं कामही विसरू नका. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’मध्ये (2005) उदास यंत्रमानव मार्व्हिनच्या पोशाखाच्या आत वॉर्विक डेव्हिस आणि आवाज रिकमनचा. चेहरा नाही, हातवारे नाहीत, तरी पहिल्याच शब्दाला माणूस ओळखू येतो.

आणखी एक गंमत. पोस्टला फोटो हमखास ‘हॅरी पॉटर’मध्ये त्याने केलेल्या काळ्या झग्यातल्या स्नेपचा लावलेला असतो. पहिला हॅरी पॉटर चित्रपट 2001चा. तेव्हा रिकमन 55 वर्षांचा होता.